उतारावरचा मुक्काम

रंगूअण्णा गावात आले, की आधी उतार शोधत. त्यांच्या पत्र्याच्या बंदिस्त टेम्पोचा स्टार्टर कधीच गेला होता. उतारावर टेम्पो लावायचा, चाकांखाली दगड द्यायचे आणि निघताना दगड काढून गडगडत चालू करायचा, ही त्यांची रीत. स्टोव्ह दुरुस्त करत ते पाथर्डी तालुक्यातली गावं फिरत. घर म्हणून जे काही होतं ते टेम्पोतच: गादी, पाण्याचा कॅन, देवाचा फोटो आणि बायको पारूबाई.

"गुरुजी, आमाला रोज नवं अंगन," अण्णा मला ऐटीत म्हणत. पारूबाई लगेच फटकारत, "अंगन नवं, पन पत्रा त्योच! दुपारी आत बसून बगा म्हंजी कळंल." उन्हाळ्यात दोघं दुपार टेम्पोखालीच काढत. हंडाभर पाण्यासाठीही बाईंना दर गावात नवी ओळख काढावी लागे.

आमच्या गावातला एकमेव उतार मी शिकवायचो त्या शाळेच्या फाटकाशी होता. त्या हिवाळ्यात तपासणीला साहेब येणार होते आणि शाळेच्या कुंपणावर पारूबाईंचं लुगडं वाळत होतं. मला लाज वाटली. म्हणालो, "अण्णा, दोन दिवस खाली मैदानात लावा."

"तितं सपाट हाय, गुरुजी. येळ आली तर?"

"मुलं ढकलतील की! मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी साहेब वर्गात प्रश्न विचारत असताना अण्णा दारात आले, घामाने डबडबलेले. "गुरुजी, पारूच्या छातीत लई दुखतंय. पोरं द्या." गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, पोरांशिवाय होतं कोण? पण साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मी हातानेच अण्णांना थांबा म्हणून खुणावलं. नंतर खिडकीतून दिसलं, ते एकटेच टेम्पोला खांदा लावत होते. तरी मी फळ्याकडे वळलो. तास संपल्यावर पोरं पाठवली. दवाखान्याच्या वाटेवर, पाथर्डीच्या अलीकडेच पारूबाई गेल्या.

तपासणीत शाळेला उत्तम शेरा मिळाला. तो मी घरीसुद्धा कुणाला सांगितला नाही.

पुढच्या वर्षी अण्णा एकटेच आले. मी स्वतः फाटकाजवळची जागा झाडून ठेवली होती. त्यांनी मात्र टेम्पो सरळ मैदानात नेऊन लावला. मी धावत गेलो, म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं. उतार मोकळा ठेवलाय तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. आता कुणासाठी घाई करायची हाय?"