शोतोकान, गोजू आणि दादाचा गुडघा

कराटेच्या सगळ्या स्टाइल कुणी काढल्या हे तोंडपाठ असलेला अख्ख्या मांजरी गावात माणूस एकच, मी. आता मांजरीत दुसऱ्या कुणाला ते कधी लागलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

शाळा मी पहिलीतच सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं. पुढं ऊस गेला, शेतात बिल्डिंगी आल्या आणि आम्हा दोघा भावांची पोटं सुटली. डॉक्टर म्हणाले, जरा हलत जा. म्हणून मी आणि थोरला दादा, आमच्याच जुन्या शेतातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेच्या क्लासला जायला लागलो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी मी ऐटीत पाय फाकून खाली बसलो आणि पँट टरकन फाटली. घरी जाताना दादा माझ्या मागं चिकटून चालला, लोकांना दिसू नये म्हणून.

आमची स्टाइल शोतोकान. पाय लांब टाकायचे, खाली बसायचं. वर्षभरानं दादानं ती सोडली आणि रस्त्यापलीकडं गोजूचा क्लास धरला. मला काही बोलला नाही. जमिनीच्या वाटणीत आमचा कधी आवाज चढला नव्हता, तो इथं चढला. म्हणजे माझाच. चौकात सगळ्यांसमोर म्हणालो, "काय दादा, म्हाताऱ्यांची स्टाइल धरलीस व्हय? तिकडं पट्टा देत्यात का काठी?"

लोक हसले. दादा नाही हसला.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. रोजचा सकाळचा चहा दादाच्या ओट्यावर व्हायचा. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर त्यानं पेपर तोंडासमोर धरला. मी पेपरच्या पाठीमागच्या जाहिराती बघत उभा राहिलो. वाचता येत नाही, म्हणून नुसती चित्रं बघितली आणि परत आलो. तेव्हापासून चहा बंद.

मग माझी ब्राऊन बेल्टची परीक्षा आली. आधी हातपाय, मग तोंडी. लेक वाचून दाखवायची, मी ऐकून पाठ करायचो. जपानी नावं काही डोक्यात बसेनात. शेवटी आपल्या भावकीसारखी लावून घेतली, मग बसली.

मॅडमनी विचारलं, "काका, स्टाइल वेगळ्या कशा झाल्या? थोडक्यात सांगा."

थोडक्यात मला येत नाही. म्हणालो, "मॅडम, ओकिनावा म्हणून एक बेट हाय. तिथं शुरी आन नाहा अशी दोन गावं. आपलं मांजरी-हडपसर समजा. दोन्हीकडं एकेक मोठा गुरू. शुरीकडचा एक शाळामास्तर टोकियोला गेला. तो कविता करायचा आन खाली टोपणनाव घालायचा, शोतो. पोरांनी हॉल बांधला, हॉलला तिकडं कान म्हणत्यात, त्याला त्याचंच नाव दिलं. झाली शोतोकान. त्यानं सोता बोर्ड लावला नव्हता बरं का. नाहाच्या गुरूचा चेला मोठ्या घरचा. त्याचं शिकवणं कडक बी आन मऊ बी. जवळ उभं राहायचं, श्वास पोटातनं काढायचा. गो म्हंजी कडक, जू म्हंजी मऊ, ती गोजू. आन एक होता पोलीस. तो दोन्हीकडं शिकला. सोताची स्टाइल काढली तवा दोन्ही गुरूंच्या नावातलं एकेक अक्षर घेतलं. ती शितो. कुणालाच दुखवलं नाय त्यानं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी छाती फुगवली, तशी पट्ट्याची गाठ सुटली.

"इतिहास बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मोठे काका गोजूला का गेले, तेही माहीत असेलच."

"तिकडं सोपं असतंय म्हणून."

"गुडघ्यामुळे. त्यांना खाली बसवेना. तिकडे उभं राहून जमतं. जाताना मला सांगून गेले. म्हणाले, धाकट्याला सांगू नका, तो चौकात माझी नक्कल करेल."

मी गाठ बांधत होतो, ती काही केल्या बसेना. मॅडमनी पुढं येऊन बांधून दिली. पास केलं म्हणाल्या, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं.

कराटेच्या ड्रेसवरच दादाच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. दादा पाय लांब करून बसलेला, गुडघ्याला पट्टी. मला बघून त्यानं पेपर उचलला. मी इतिहासच सुरू केला.

"दादा, तुझ्या गोजूचा जो मूळ पुरुष हाय ना, तो लय मोठ्या घरचा..."

पेपर हलला नाही. वहिनी आतनं दोन कप घेऊन आल्या. म्हणाल्या, "बसा भावजी." मी दादाच्या पायाशी बसलो.

"लय दुखतंय का रं?" मी विचारलं.

दादानं पेपर खाली ठेवला. माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं.

"भावाचा गुडघा विचारायला जपानला जाऊन आलास व्हय? चहा पी. आन पोट आत घे, पट्टा दिसंना."