शिरीषाला देव नव्हता

आमचे लवूभावजी हल्ली भांडुपला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. लोक मला विचारतात, कुंदावहिनी, तुमच्या दिराचं झाडं छाटायचं काम चांगलं चाललं होतं, मग सोडलं कशाला? मी म्हणते, त्यांनाच विचारा. त्यांना विचारलं की ते म्हणतात, वहिनीला विचारा. म्हणजे शेवटी माझ्याच गळ्यात. तर सांगते. पण मला सगळं समजलंय असं धरून चालू नका. मुलुंडच्या डोंगराला लागून आमची वस्ती आहे, तिथे ते कोणालाच धड समजलेलं नाही, आणि ज्याला समजलंय असं वाटतं त्याच्याशी माझं पटत नाही.

लवू गमरे, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मूळ खेडकडचे. गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला आणि घरी बसले. नुसते बसले असते तर एक वेळ ठीक, पण प्यायला लागले. सुगंधा, त्यांची बायको, चार घरची भांडी घासायची आणि हे दारात बसून रस्त्याकडे बघायचे. माझा असा जळफळाट व्हायचा! एकदा मी त्यांची बाटली गटारात ओतली, तर माझ्याकडे बघून म्हणाले, वहिनी, बरं केलंत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांना सावरलं ते विहाराने. विहार म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे, आत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. रविवारी वंदना व्हायची. भावजी आधी मागे उभे राहायचे, मग पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेत आले. दारू सुटली. एका ठेकेदाराकडे काम मिळालं, सोसायट्यांमधली झाडं छाटायचं. लहानपणी गावाला झाडावरच वाढलेला माणूस, कोयता कमरेला लावून माडावर चढावं तसा सरसर चढायचा. आम्ही म्हटलं, चला, सुटलो.

सुटलो कसले! आता पंचशील डोक्यात गेलं. पहिलं शील, जीवहिंसा करणार नाही. बाकीचे लोक ते म्हणतात आणि घरी जाऊन कोंबडी कापतात. भावजी ते म्हणायचे आणि घरी येऊन गादीतले ढेकूण काडेपेटीत गोळा करून लांब नेऊन सोडायचे. सुगंधा म्हणायची, नेऊन सोडता तिथेही माणसंच राहतात ना? त्यांनी मासे सोडले. खेडचा माणूस आणि मासे सोडतो! आणि प्रश्न तर विचारूच नका. डास मारला तर चालतो का? तांदळात अळी असेल तर भात शिजवायचा का? झाडाला जीव आहे, मग मी दिवसभर करतो ते काय? या शेवटच्यावर त्यांनी स्वतःच उत्तर काढलं होतं. फांदी छाटणं म्हणजे केस कापणं, झाड मरत नाही. अख्खं झाड पाडायचं काम आलं की मात्र त्यांना नेमका ताप यायचा.

आमच्याकडे एक म्हातारे भन्तेजी अधूनमधून यायचे. कधी बोरिवलीला, कधी घाटकोपरला, कधी आमच्याकडे. भावजींनी पहिल्यांदा त्यांना भोजनदानाला बोलावलं तेव्हाची गंमत ऐका. हात जोडून म्हणाले, भन्तेजी, उद्या आमच्याकडे जेवायला या. भन्तेजी खाली बघत गप्प. भावजी तोंड पाडून घरी आले. सुगंधाला म्हणाले, नको म्हणाले गं, आपण गरीब ना. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भन्तेजी भिक्षापात्र घेऊन दारात उभे! घरात चूलसुद्धा पेटलेली नाही. सुगंधा धावत माझ्याकडे आली. आमच्यापुरतं सुरमईचं कालवण आणि भात झाला होता, तो तसाच्या तसा उचलून दिला, आणि आम्ही त्या दिवशी पाव खाल्ला.

तेव्हा आम्हाला कळलं की भिक्खू आमंत्रणाला हो म्हणत नाहीत. गप्प राहिले की होकार समजायचा, बुद्धाच्या काळापासूनची रीत आहे. विहार कमिटीचे अध्यक्ष नंदकिशोर तांबे बँकेत आहेत, वाचलेले आहेत, त्यांनी हे सगळ्यांना समजावलं. ते ठीक. पण भावजींच्या डोक्यात सुरमई राहिली. मी मासे सोडले आणि भन्तेजी खातात? विचारलंच त्यांनी. भन्तेजी म्हणाले, पात्रात पडेल ते आम्ही खातो, फक्त आमच्यासाठी मारलेलं असेल तर नाही. भावजी घरी येऊन डोकं धरून बसले. म्हणाले, वहिनी, म्हणजे तुमच्यासाठी मारलेली सुरमई त्यांना चालते, आणि त्यांच्यासाठी मारलेली चालत नाही. मेली ती एकच ना? मी म्हटलं, भावजी, मला आठवण करून देऊ नका, माझी सुरमई गेली.

पंच्याऐंशीची बुद्धपौर्णिमा. वस्तीत निळ्या-पांढऱ्या पताका, खीर, भाषणं. नंदकिशोरने ठरवलं की यंदाचा वर्षावास आपल्याकडे करायचा. वर्षावास म्हणजे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहतात, हिंडत नाहीत. आमच्या वस्तीत तो कधीच झाला नव्हता. भावजींना तर आनंदाने झोप लागेना. तीन महिने! त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं, वहिनी, रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारीन. सगळे विचारून होतील. मग डोकं मोकळं. मला त्यांची दयाच आली. गिरणी गेल्यापासून या माणसाने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

पण भन्तेजींना राहायला बंद खोली हवी. उघड्या पत्र्याखाली म्हातारा माणूस पावसाळा कसा काढणार? आणि जागा कुठे? डोंगराच्या उतारावर सगळी घरं एकमेकांना चिकटलेली. सपाट जागा एकच, विहाराच्या मागची, आणि तिच्या मधोमध शिरीष. जुना, जाड बुंध्याचा. उन्हाळ्यात त्याच्या फुलांचा वास आमच्या घरात यायचा, आणि मी भांडी त्याच्याच सावलीत घासायची. आता बघा, पिंपळ असता तर आमच्यातल्या कोणी बोट लावलं नसतं, बोधिवृक्ष. वड असता तर खालच्या आळीतल्या बायका वटपौर्णिमेसाठी भांडायला आल्या असत्या. उंबर असता तर दत्तवाले आले असते. शिरीषाला बिचाऱ्याला ना बुद्ध ना देव. त्याच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही.

मी नंदकिशोरला म्हटलं, झाड ठेवून त्याच्या कडेने बांधा. ते म्हणाले, कुंदाताई, आपण बुद्धिवादी माणसं, झाडांना पुजणं आपण सोडून आलो. मी म्हटलं, पुजा कोण म्हणतंय, सावलीला तर राहू दे. त्यावर ते हसले. असं हसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

भावजी अडून बसले. म्हणाले, भन्तेजींना विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलणार नाही. आणि उचलायची तर भावजींनीच, कारण घरांवर न पाडता त्या उतारावर झाड उतरवणं दुसऱ्याला जमलं नसतं. मग पौर्णिमेच्या कार्यक्रमातच, सगळ्यांसमोर, नंदकिशोरने हात जोडले. भन्तेजी, यंदाचा वर्षावास इथे करावा. भन्तेजी खाली बघत गप्प. लोक म्हणाले, साधू साधू साधू, म्हणजे छान झालं. मग नंदकिशोर म्हणाले, आपल्या खोलीसाठी मागचा शिरीष काढावा लागेल. भन्तेजी तसेच, खाली बघत गप्प. आणि लोक पुन्हा म्हणाले, साधू साधू साधू. मीसुद्धा म्हणाले, खोटं कशाला सांगू. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा गुंता सुटला होता.

दोन दिवसांनी सकाळीच त्यांनी झाड उतरवलं. आधी बुंध्यापाशी उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणाले, पूर्ण, पहिल्या शीलासकट, आणि मग घाव घातला. मी बघत होते. हसावं की रडावं कळेना. फांद्या दोर बांधून एकेक खाली सोडल्या, एकाही पत्र्याला धक्का नाही. वरच्या फांदीत कावळ्याचं घरटं होतं. भावजींनी ते हळूच उचलून विजेच्या खांबाला बांधलं, पण पिल्लं वाचली नाहीत. त्यानंतर कावळे त्यांना ओळखायला लागले. घराबाहेर पाऊल टाकलं की डोक्यावर टोच. मे महिन्याच्या उन्हात आमचे भावजी छत्री उघडून नाक्यावर जायचे. पोरं हसायची. मी हसणाऱ्यांना फटकवायची, आणि घरात येऊन स्वतः हसायची, आणि मग वाईट वाटायचं.

खोली झाली. विटांच्या भिंती, चुना, खिडकी, एक लाकडी बाज. भावजींनी पदरमोड करून नवीन सतरंजी आणली. आषाढी पौर्णिमेला भन्तेजी आले, वंदना झाली, लोक पांगले. नंदकिशोर कौतुकाने त्यांना मागे घेऊन गेले. भन्तेजी खोलीच्या दारात थांबले. खोली बघितली नाही, दाराशेजारी राहिलेलं खोड बघितलं. मग पुढे विहारात येऊन बसले. मी काळा चहा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं मला माहीत. तिथे नंदकिशोर, भावजी आणि मी, एवढेच.

भन्तेजींनी हळूहळू सांगितलं. भिक्खूने हिरवं पानही तोडायचं नसतं, तोडायला सांगायचंही नसतं. आणि वर्षावास म्हणजे तरी काय, पावसात नवीन गवत उगवतं, बारीक जीव बाहेर पडतात, ते आपल्या पायाखाली चिरडू नयेत म्हणून एका जागी बसायचं. आणि त्या बसण्यासाठी आमच्याकडे झाड पडलं होतं. नंदकिशोरचा चेहरा उतरला. भन्तेजी, आपल्याला विचारूनच केलं, एवढंच ते म्हणाले. भावजी नुसते माझ्याकडे बघत होते, जसं काही मला माहीत असणार.

माझं डोकं फिरलं. "मग तेव्हा तोंड का नाही उघडलंत?" मी म्हटलं. नंदकिशोरने डोळे वटारले. वटारू देत. आमच्या माणसाला कावळे टोचत होते तेव्हा हे कुठे होते?

भन्तेजी रागावले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मला खोली हवी होती. गेला पावसाळा गळक्या छपराखाली गुडघे धरून काढला. तोडा म्हणालो असतो तर माझा नियम मोडला असता. तोडू नका म्हणालो असतो तर खोली गेली असती. म्हणून गप्प बसलो."

मी भांडायला उभी राहिले होते, ती तशीच उभी राहिले. म्हाताऱ्याने खरं सांगितलं म्हणून पाया पडावं, की खरं इतक्या उशिरा सांगितलं म्हणून चिडावं, मला आजही ठरवता येत नाही. भावजी जमिनीवर बसले होते, ते थोडे पुढे सरकले.

"मग शील कोणाचं मोडलं, भन्तेजी? माझं की तुमचं?"

भन्तेजी त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "तू तुझं शील विचारतोस, लवू. मी माझं चाचपत बसलोय. त्या झाडाचं काय झालं, हे आपण दोघांनीही अजून विचारलेलं नाही."

बाहेर पाऊस पडत होता. मी रिकामे कप उचलून घरी आले, आणि सुगंधाने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार.

भन्तेजी खोलीत राहिले नाहीत. पण वचन दिलं म्हणून वस्तीतून गेलेही नाहीत. तीन महिने पुढच्या पत्र्याखालीच राहिले, खोली बंद, नवी सतरंजी आत घडी घातलेली. गळतीखाली आम्ही पातेली ठेवायचो. त्याच महिन्यात भावजींनी ठेकेदाराचा कोयता परत केला. सुगंधा ओरडली, मी ओरडले, त्यांनी ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी ते विहारात जायचे, भन्तेजींच्या गुडघ्यांना तेल चोळायचे, दिवा लावायचे. मी मुद्दाम पाणी न्यायच्या निमित्ताने जाऊन बघायची, आज तरी काही विचारतात का. पावसाळा संपला, भन्तेजी बोरिवलीला निघून गेले, आणि भावजींनी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.