जिजीच्या डेअरीवरची कॉफी

आमच्या डेअरीवर किस्से कसे साठत जातात, ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी सहाला बायका दूध घालायला येतात, साडेसातला टेम्पो कॅन घेऊन जातो, आणि मधल्या दीड तासात कुणी ना कुणी काहीतरी करून ठेवतंच! मी तेव्हा रजिस्टर लिहीत असते, त्यामुळं हसायचं राहून जातं. मग दुपारी भांडी घासताना एकटीच हसते. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "सूनबाईला एकदा दाखवून आणा बीडला."

डेअरी म्हणजे काय, तर माझ्या घराची ओसरी. नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव, तिथली ही महिला दूध संस्था. मी सविता, सचिव. अध्यक्ष शेवंताबाई, पण त्यांना सगळा गाव जिजी म्हणतो. साठी उलटलेली बाई, आवाज टेम्पोच्या हॉर्नसारखा. आणि पारू, माझी शेजारीण, दोन म्हशींची मालकीण आणि निम्म्या किस्श्यांचं मूळ.

ही गोष्ट संस्थेच्या पहिल्याच वर्षाची. पावसानं साफ दगा दिलेला, अर्धी जनावरं चारा छावणीत. वरून दूध संघानं कळवलं, तपासणीच्या दिवशी साठ लिटर भरलं नाही तर टेम्पो बंद. टेम्पो बंद म्हणजे आमच्या हातात परत कोयता, चला ऊसतोडीला! माझी पोरगी तोवर निम्मं वर्ष शाळेत आणि निम्मं फडात अशीच शिकली होती. त्या वर्षी पहिल्यांदा ती दिवाळीनंतरही बाकावर बसणार होती. मुकादमाचा दिवसाआड फोन यायचा, "वहिनी, येताय न्हवं?" मी म्हणायचे, "बघते." फोन ठेवला की रजिस्टर काढून लिटरची बेरीज परत करून बघायचे, खोटं कशाला सांगू.

*

कॉफीची खोड मला ऊसतोडीनंच लावली. एक हंगाम आम्ही पार म्हैसूरच्या बाजूला गेलतो. तिथं कारखान्याच्या फिटरची बायको मला रोज कॉफी द्यायची. तिला मराठी येईना, मला कन्नड येईना, तरी चार महिने आमच्या गप्पा चालल्या! निघताना तिनं मला स्टीलचा फिल्टर दिला. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. सोबत पावडरीचा मोठा डबा.

मी तो फिल्टर पहिल्यांदा ओसरीवर काढला, तेव्हा पारू म्हणाली, "सरक, मी करते. त्यात काय एवढं!" मी दूध मापायला बसले.

पाव तास गेला, थेंब पडेना. अर्धा तास गेला. जिजीनं फिल्टर कानाला लावून पाहिला. टेम्पो येऊन गेला तरी खालचा डबा कोरडाच!

मी झाकण काढलं, तर पावडरीची वीट झालेली. पारूनं ती खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकून ठोकून बसवली होती.

"अगं, ठोकलीस कावून?"

"मला वाटलं, दाबलं की ताकद उतरंल खाली!"

तेव्हापासून आमच्याकडं कॉफीचा पहिला नियम असा: पावडर बोटांनी नुसती सारखी करायची, वरून उकळतं पाणी हळू सोडायचं, झाकण लावायचं आणि पारूला लांब बसवायचं.

*

दुसरी अडचण पाण्याची. टँकरचं पाणी, त्याला औषधाचा असा वास की कॉफी पिताना दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. अण्णांना आयतंच कारण मिळालं. "कॉफी असती उपासाला, न्हाईतर पावण्याला. रोज पितंय का कुणी?" असं म्हणून ते चहाचा कप घेऊन मुद्दाम माझ्यासमोर बसायचे.

पण मला कॉफी सोडवेना. दुष्काळात तिच्याइतकी सोयीची गोष्ट नाही हो! पाणी लागतं वाटीभर, बाकी सगळं दूध.

त्याच दिवसांत अण्णांनी एक नेम धरला. पहाटे उठायचे, धारूरच्या वाटेनं डोंगराकडं जायचे आणि कपारीतल्या झऱ्याचं तांब्याभर गोड पाणी घेऊन यायचे. "देवाच्या पूजेला," म्हणायचे. मला बरं वाटलं. म्हाताऱ्यानं देवाधर्मात मन घातलं!

आठवड्यानं मी देवघर झाडायला गेले, तर देव कोरडे ठणठणीत. तांब्या कुठं? तर चुलीपाशी, माझ्या फिल्टरला खेटून! आणि इकडं मी रोज मनाशी म्हणत होते, आपल्या हाताला चव आली.

"अण्णा, पाणी देवाला आणता न्हवं?"

अण्णा जराही गडबडले नाहीत. "देवाला इचारलं मी. तो म्हणला, आधी फिल्टरला."

त्या दिवशी मी न विचारता दोन कप ओतले. त्यांनीही चहा बाजूला सारून एक घेतला.

*

आता जिजी. जिजीचा माणसावर विश्वास नाही, लॅक्टोमीटरवर आहे. दूध तपासायची ती काचेची नळी. पाणी घातलेल्या दुधात बुडते, चांगल्या दुधात वर राहते. नियमाची तर अशी पक्की की तपासणीला काढलेलं वाटीभर दूधसुद्धा तिला रजिस्टरमध्ये लागायचं. "नमुन्याचं दूध कॅनात परत जात न्हाई, पण मोजणीत धरायचं. नियम हाय!"

एकदा कॉफीचा घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "पातळ लागती. पाणी घातलंस का गं?"

"जिजी, आपल्या घरच्या कॉफीत पाणी घालून मी काय मिळवणार?"

जिजीनं ऐकलं नाही. कॉफी गार होऊ दिली, नळकांड्यात ओतली आणि सोडलं लॅक्टोमीटर आत! ते बुडायचं सोडा, टुणकन वर आलं आणि आकड्यांच्याही पार वर तरंगत राहिलं. जिजी चाट पडली. "अगं बया! असलं दूध तर गावात एकाबी म्हशीचं न्हाई!"

मी शहाणी, समजावून सांगायला गेले. म्हटलं, साखरेमुळं होतं तसं, साखर घातली की हे यंत्र फसतं. सगळ्या जणी मन लावून ऐकत होत्या. पारू जरा जास्तच मन लावून ऐकत होती.

चार दिवसांनी पारूचं दूध रोजच्यापेक्षा दोन लिटर जास्त आलं. लॅक्टोमीटर बरोबर. मी लिहायला पेन उचललं, तेवढ्यात जिजीनं दुधात बोट बुडवून चाखलं.

"पारे, कॉफी घालायची राहिली का गं?"

पारूला रडूच फुटलं. "साठ भरायला पायजेत न्हवं जिजी? पोरांना फडात न्ह्यायचं का परत?"

जिजीनं ते सगळं दूध उचललं आणि वासरांपुढं ठेवलं. मग पारूजवळ येऊन बसली, तिची पाठ चोळली. "साठ भरू. पर दुधानंच भरू."

*

शेवटी तपासणीचा दिवस आला. संघाचे साहेब भल्या सकाळी मोटारसायकलवरून हजर. माणूस गंभीर, बोलणं मोजकं. त्यांना बघूनच मी रजिस्टर सोडून चुलीकडं धावले.

त्या गडबडीत माझ्या हातून काय व्हावं? पाहुणा आला की आधी कॉफी, हे अंगवळणी पडलेलं. जिजीच्या गाईची चरवी ओसरीवर पहिली आली. मी ती तशीच, न मापता, कॉफीसाठी चुलीवर चढवली! सगळ्यांना कप कप द्यायचा म्हणून सगळीच्या सगळी, दीड लिटर.

बायका येत गेल्या. छावणीतून पारू धावतपळत आली. साहेब प्रत्येक माप स्वतः बघत होते. शेवटचं माप ओतलं आणि मी बेरीज केली. परत केली. पेन जड झालं.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एकोणसाठ."

साहेबांनी मान हलवली आणि बॅगेतून टेम्पो बंदचा छापील कागद काढला. माझी पोरगी दप्तर पाठीला लावून दारातच उभी होती, ती माझ्याकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना.

एवढ्यात अण्णा आतून कप घेऊन आले. झऱ्याच्या पाण्यातला कॉफीचा अर्क, वर जिजीच्या गाईचं दूध, फेस काठापर्यंत. साहेबांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

"हे दूध कुणाचं?"

"माझ्या गाईचं," जिजी म्हणाली. "मापाच्या आदीच चुलीवर ठिवलं या शहाणीनं. दीड लिटर व्हतं."

पारू उसळली, "मग धरा की सायेब मापात! साठावर अर्धा जास्तच भरतंय!"

"गप," जिजी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "कॉफीला उकळल्यालं दूध मापात धरत न्हाईत. नियम हाय."

साहेबांनी कप शेवटपर्यंत संपवला, सावकाश. मग छापील कागदाची घडी घालून बॅगेत ठेवली, माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि दोन ओळी लिहून सही केली.

जिजीनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "तपासणीसाठी काढलेला नमुना, दीड लिटर. एकूण साडेसाठ."

तिनं चष्मा काढला. "सायेब, एवढाला नमुना?"

साहेबांनी रिकामा कप पुढं केला. "तपासणी कुठं पुरी झालीय अजून? अर्धा कप घाला."