जावईबापूंसमोर पडण्याचं काम

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये तो कधी पडला नव्हता, म्हणून त्याला खांब म्हणत. हरला होता. गुणांवर हरला होता, डोळा सुजून मिटला म्हणून हरला होता, एकदा तर पंचांना गाडी पकडायची घाई होती म्हणून हरला होता. पण जे काही हरला ते उभ्याने. सकाळी तो थोरल्या बहिणीच्या बेकरीत पिठाची पोती उतरवायचा आणि संध्याकाळी जिममध्ये माणसं उतरवायचा. हेवीवेट गटात जो समोर आला त्याला झोपवत झोपवत तो अशा जागी पोचला, की त्याच्यात आणि चॅम्पियनमध्ये आता कोणी उरलं नव्हतं. किताबाची पुढची लढत खांबाची, हे सगळे धरूनच चालले होते.

तेवढ्यात शेठच्या मुलीचं लग्न झालं.

लढती ठरवणं, हॉल घेणं, तिकिटं खपवणं, सगळं शेठच्या हातात. जावई उंच, रुंद आणि देखणा. कपड्यांच्या दुकानांसाठी कोट घालून फोटो काढून घेणं हा त्याचा मूळ धंदा. लग्नानंतर त्याला आपण बॉक्सर असल्याचा शोध लागला. शेठने त्याला लढतीही मिळवून दिल्या. पहिला प्रतिस्पर्धी नातवंडांत रमलेला होता. दुसरा कुस्तीगीर होता, आणि हातमोजे घालून पकड कशी करायची हे शेवटपर्यंत विचारत होता. तिसऱ्याने डावीकडचं आपल्याला दिसत नाही असं आधीच प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं. तिघांनाही जावईबापूंनी आडवं केलं आणि वर्तमानपत्रांनी 'झंझावात' हा शब्द वापरला. किताबाची लढत झंझावाताला मिळाली.

खांब जाब विचारायला शेठच्या ऑफिसात गेला.

"तुझी पाळी पुढच्या वर्षी," शेठ म्हणाला. "घाई कसली? खांब ना तू? खांब कुठे जातो?"

ऑफिसातले सगळे हसले. पगारी हसणं दुरून ओळखू येतं, पण लागायचं ते लागतंच.

"आणि आलाच आहेस तर ऐक," शेठने पुस्ती जोडली, "जावईबापूंना सरावाला दणकट गडी पाहिजे. रोज यायचं. त्यांना जरा हुरूप आला पाहिजे. समजलं ना?"

म्हणजे पडायचं. आपला घास ज्याने पळवला, त्यालाच तो भरवायला बसायचं. खांब त्या संध्याकाळी जिममध्ये गेला तो नाही म्हणायला नव्हे, तर जावयाचं नाक एकदा मनासारखं चपटं करून मग नाही म्हणायला.

पहिल्याच फेरीत त्याला ते दिसलं. उजवा ठोसा मारताना जावयाचा डावा हात हनुवटीपाशी राहत नव्हता. सुटून थेट कमरेशी यायचा, खिशातला रुमाल शोधत असल्यासारखा. जबड्याची डावी बाजू सताड उघडी. असा दरवाजा उघडा दिसला की खांबाचा उजवा हात विचारायला थांबत नसे. तो निघालाही होता. पण अर्ध्या वाटेत खांबाने त्याला आवरलं, कारण त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका गोड होता की त्याला जीभ लावून बघावीशी वाटली.

आपण मारलं तर हा सुधारेल. एक दणका खाल्ला की माणूस हात वर ठेवायला शिकतो. सगळे असेच शिकले. आणि नाही मारलं तर? उलट प्रत्येक वेळी हात खाली आला की आपण पडलो तर? मग हा हात खाली आणण्यालाच आपली कला समजेल. चॅम्पियनसमोरही तीच कला दाखवेल.

जावयाने पुन्हा उजवा मारला. तो खांद्याला लागला. खांब पडला.

सोपं नव्हतं ते. गुडघ्यांना सवय नव्हती. आधी एक वाकला, मग दुसऱ्याने नाइलाजाने साथ दिली. पाठीला गार कॅनव्हास लागला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. जावईबापूंनी ते बघितलं आणि ते फारच खूश झाले.

"जोरात लागलं का हो?" त्यांनी वाकून विचारलं. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. खांबाला त्याचाच जास्त राग यायचा.

मग ते रोजचंच झालं. उजवा, कंबर, धाडकन. खांब मागे पडायला शिकला, कुशीवर पडायला शिकला, दोरीला लटकून मग घसरायला शिकला. उस्ताद, म्हणजे जावयाला शिकवायला ठेवलेला म्हातारा, कोपऱ्यात बादली धरून बघत असायचा. एकदा त्याने शेठला सांगूनही बघितलं, "डावा हात खाली येतोय त्यांचा."

"समोरचा पडतोय ना?" शेठ म्हणाला. "मग हात कुठे का असेना!"

उस्तादाने मान डोलावली. नोकरी त्यालाही प्यारी होती. पण खांबाच्या तोंडावर पाणी मारताना तो पुटपुटला, "झकास पडतोस रे. कुणाकडे शिकलास?"

खांब तोंड पुसून पुन्हा उभा राहिला. डूख धरलेला साप कधी फुशारकी मारत नाही.

बातमी मात्र गावभर झाली. खांब पडतो. रोज पडतो. बेकरीत गिऱ्हाईकं मुद्दाम विचारू लागली, "काय, पोतं उचलताना तोल जात नाही ना हल्ली?" बहीण काउंटरवरून सगळं ऐकायची. रात्री तिने ताट आपटलं.

"पार नाक कापलंस. आपले बाबा म्हणायचे, मार खा पण पाठ टेकू नको. आणि तू त्या कोटवाल्यासमोर लोळतोस?"

"ताई, थोडे दिवस कळ काढ."

"कळ तुझ्या पाठीत आली असेल. माझ्या डोक्यात आली आहे."

लढतीच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. खांबाने मागची जागा धरली. घंटा झाली. जावईबापू ऐटीत पुढे आले, इकडेतिकडे नाचले, आणि त्यांनी आपला तो उजवा काढला. डावा हात शिकवल्याप्रमाणे कमरेशी गेला. चॅम्पियन क्षणभर थबकला, बहुधा यात काही डाव असावा असं वाटून. डाव नव्हता. मग त्याने मारलं. जबडा मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला, आणि खांबाला वाटलं, इतका गोड आवाज आपण उभ्या जन्मात ऐकला नाही. त्याने टाळी वाजवली नाही. फक्त खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून तो बसून राहिला, पोटभर जेवलेल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडे गेला. "आता माझी पाळी."

शेठचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "तुझी? चॅम्पियनने ज्याला अर्ध्या फेरीत झोपवलं, तो तुला रोज झोपवत होता. सगळ्या गावाला माहीत आहे. तुला उभं केलं तर लोक खुर्च्या फेकतील."

"मी मुद्दाम पडत होतो."

"हो का?" शेठ म्हणाला. "उस्ताद, हा मुद्दाम पडत होता?"

"मी काय बघणार?" उस्ताद म्हणाला. "मी बादली धरून होतो."

हिशेब बिनचूक होता, आणि तो खांबाने स्वतःच्या पाठीने मांडला होता. घरी आल्यावर त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती पीठ चाळत होती, ती थांबली. आधी तिचा चेहरा फुलला, मग पडला.

"म्हणजे तो मोडला तुझ्यामुळे, आणि त्याला पत्ताच नाही?" ती म्हणाली. "अरे, ज्याच्यावर उगवला त्यालाच कळला नाही, तर तो सूड कसला? नशिबाने मारलं असं म्हणेल तो. पाळी तर गेलीच, निदान सूड तरी पदरात घे. जा, सांगून ये."

जावईबापू हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होते. जबडा तारांनी बांधलेला. बोलायची सोय नव्हती. खांबाला बघून त्यांचे डोळे चमकले. खांबाने स्टूल ओढलं आणि जे वाक्य तो वाटभर घोळवत आला होता, ते एकदाचं म्हटलं.

"मी मुद्दाम पडत होतो. तुमचा हात खाली येतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचा जबडा मोडावा म्हणून पडलो. रोज."

जावईबापूंनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोळ्यांत राग आला नाही, दया आली. त्यांनी हात पुढे केला आणि खांबाच्या हातावर हळूच थोपटलं. हरलेला माणूस मनाच्या समाधानासाठी काहीतरी बोलणारच. बोलू दे बापड्याला. वर त्यांनी आपली उजवी मूठ उचलून दाखवली आणि 'माफ करा, फार लागलं का?' अशा अर्थाने भुवया वर केल्या.

खांबाच्या कानशिलात आग उतरली. इथेच, या खाटेवर, दाखवून द्यावं! पण तारांनी बांधलेल्या माणसाला मारून काय सिद्ध होणार? हा पुन्हा उभा राहिला पाहिजे. रिंगमध्ये, दिव्यांखाली, हॉल भरलेला असताना. तोंडात सगळे दात, अंगात सगळी ताकद, आणि बहाण्याला जागा नाही, असा.

नर्स सुपाचा पेला आणि नळी ठेवून म्हणाली, "काही घेतच नाहीत हो हे. असं केलं तर हाड कसं जुळणार?"

"द्या इकडे," खांब म्हणाला.

त्याने उशी सारखी केली, पेला धरला, नळी जावयाच्या ओठांत नेमकी बसवली.

"प्या, बापू," तो अगदी आईच्या मायेने म्हणाला. "थेंब ठेवायचा नाही. लवकर बरं व्हायचं आहे तुम्हाला. मी रोज येत जाईन."

जावईबापू पिऊ लागले. त्यांचे डोळे भरून आले.