घोडीच्या पायाचा खल

आमच्या सासऱ्यांची घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली आणि पुणतांब्याच्या आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. खुराच्या वरचा सांधा टम्म सुजला होता. ती बिचारी तो पाय अधांतरी धरून उभी राहायची. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ओसरीवर चहा पिऊन तिच्या पायावर मत देऊन जायचा. चहा मी करत होते, त्यामुळे सगळी मतं मला पाठ झाली होती.

कुणी एरंडाची पानं बांधली, कुणी हळद-मीठ थापलं. चुलतसासरे तर विळा तापवूनच आले. "डाग दिल्याबिगर घोडं सुदरत न्हाई."

मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. "काका, आधी तुमच्या कमरेला द्या. ती बारा महिने दुखते."

त्यानंतर बरेच दिवस ते आमच्याकडे फिरकले नाहीत. त्या विळ्याचा तेवढाच गुण आला.

तालुक्याहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांधा वाकवून पाहिला. आत हाडाचा कपचा सुटला असावा, एक्स-रे काढावा लागेल, म्हणाले. पुण्याला शर्यतीचे घोडे बघणारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे न्यायला सांगितलं.

झालं, पुन्हा खल. सासरे सकाळी "नेऊ" म्हणायचे आणि संध्याकाळी पारावरून आले की "कशाला?" म्हणायचे. आमचे हे वडिलांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांचंही सकाळी हो, संध्याकाळी नाही. घोडी मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेवटी टेम्पोवाल्याला मीच निरोप धाडला. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा मुकाट्याने दोघेही चढले.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. सांध्यात हरभऱ्याएवढा पांढरा तुकडा स्पष्ट दिसत होता. "सांधा उघडून हा काढता येईल," ते म्हणाले. "पण आधी सांगा, घोडीकडून तुम्हाला काय हवंय?"

"पाठीवर बसायला पायजे," सासरे म्हणाले.

"शिंगरं झाली तरी पुरे," हे म्हणाले.

मग बापलेक डॉक्टरांसमोरच वाद घालायला लागले. माझं डोकं फिरलं. इतक्या लांबून हे भांडण ऐकायला आलो होतो का? मी विचारलं, "डॉक्टर, तिचं दुखणं थांबेल का?"

"बरंचसं थांबेल. पळेल की नाही, सांगता येत नाही. आणि घोड्याला भूल देणं जोखमीचं. शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडतात कधीकधी. न केलं तर सांधा झिजत जाईल."

"मग उद्या करू?"

"उद्या आमुशा हाय," सासरे म्हणाले.

"मामा, तिच्या पायाला पंचांग कळतं का?" मी ओरडलेच. आजवर त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता.

ते घोडीजवळ गेले, तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती उठलीच न्हाई तर?"

म्हणजे इतके दिवस पारावरून ते हीच भीती घेऊन येत होते. मग सरळ सांगायचं ना! मला राग आला आणि कीवही आली. म्हटलं, "न केलं तर रोज दुखून दुखून एक दिवस बसेल, मग उठणारच नाही. ते बघवेल तुम्हाला?"

त्यांनी 'नाही' अशी मान हलवली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. शुद्धीवर येताना घोडी एकदा उठली आणि धाडकन पडली. सासऱ्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की हिरवानिळा झाला. पुन्हा धडपडली, थरथरत उभी राहिली, आणि तशीच राहिली.

घरी आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला कोंडून ठेवायचं होतं. सासरे दिवसाआड म्हणायचे, "जरा मोकळी सोडू, जीव गुदमरतोय तिचा." गोठ्याला मी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पावसाळा सरल्यावर ती चारी पाय टेकून चालायला लागली. जोरात पळाली नाही कधी, पण सासऱ्यांना पाठीवर घेऊन मळ्यापर्यंत रमतगमत जायची.

ओसरीवर पाहुणे आले की सासरे सांगायचे, "म्या ठरीवलं, कापायचं म्हंजे कापायचं. घरातली समदी भीत हुती."

मी आतून चहाचा ट्रे जरा जोरातच आदळायचे.