आत्तीचं डांबरी छप्पर

माझी आत्ती कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडं बघायची नाही, छताकडं बघायची. यजमान "या, बसा" म्हणत उभे, आणि ही उंबऱ्यातच मान वर करून. मग विचारायची, "वर कोण ऱ्हातंय?" वर कोणी राहत नाही असं कळलं तरच तिचा चेहरा सैल व्हायचा आणि चहाला होकार मिळायचा.

त्याला कारण होतं. आत्ती म्हणजे आमच्या आबांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण, सुभद्रा. सरकारी दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही. सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत गेली, आणि प्रत्येक खोलीच्या डोक्यावर मालकाचं बिऱ्हाड. रात्रपाळी करून सकाळी अंग टाकावं, तर नेमक्या त्याच वेळी वर मालकीणबाई खलबत्ता घेऊन तिखट कुटायला बसायच्या. एका मालकाचा पोरगा वर जोर मारायचा, आणि त्या हादऱ्यांनी आत्तीच्या भिंतीवरचं घड्याळ रोज दहा मिनिटं पुढं जायचं. मी वाढवून सांगत नाही. आत्ती पंधरा मिनिटं म्हणायची.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. निवृत्त झालेल्या आत्तीनं पन्हाळा रस्त्याला जागा घेतली, भिंती उठवल्या आणि छपराचा प्रश्न आला. खरं तर आमच्याकडं हा प्रश्नच नसतो. स्लॅब पडतो आणि त्यातून सळयांची शेंडी राखली जाते, पुढच्या मजल्यासाठी. त्या शेंडीला पुढं पोरंबाळं होतात, लग्नं होतात, ती गंजते, पण कोणी कापत नाही. आबा तर शिरोळहून सेंट्रिंगवाल्याला सोबत घेऊनच आले.

"आक्का, स्लॅब टाकून मोकळी हो. उद्या आपलं पोरगं वर मजला चढवंल."

आपलं पोरगं म्हणजे मी. माझं लग्न ठरायचं होतं, पण आबांनी माझा संसार मनातल्या मनात आत्तीच्या वर मांडूनही टाकला होता.

"कुणाच्या वर?" आत्तीनं विचारलं.

"घराच्या वर."

"आणि घरात कोण असंल?"

"तूच की."

"मग माझ्या वर म्हण की सरळ! शंकऱ्या, जलमभर लोकांच्या पायाखाली झोपले. आता माझ्या डोस्क्यावर आभाळ, नायतर माझं छप्पर. तिसरं काय न्हाय."

तिनं ठरवलं होतं. पन्हाळ्यावरच्या एका नव्या हॉटेलावर तिनं डांबरी शिंगल बघितले होते. डांबराच्या पट्ट्या, वर रंगीत बारीक खडी, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या. छप्पर उतरतं. त्याच्यावर मजला चढवायचा म्हटला तरी घसरून अंगणात येणार, हे तिला सगळ्यात आवडलं होतं.

"आक्का, डांबर रस्त्यावर टाकत्यात, घरावर न्हाय!" आबा ओरडले. "आपल्या रस्त्यावरचं जूनमधी वाहून जातंय. तुझं घर बोडकं हुईल आन् छप्पर पंचगंगेत पवत बसंल!"

"ते कंत्राटदाराचं डांबर. हे माझ्या पेन्शनचं हाय."

आबा ताडकन उठले. "त्या टोपीखाली मी पाणी सुदिक पिणार न्हाय!" सेंट्रिंगवालाही चहा अर्धा टाकून गेला.

मग पुण्याहून विक्रेता आला, एप्रिलच्या उन्हात टाय लावून. त्याच्याकडं दोन जाती होत्या. एक एकपदरी: पातळ, स्वस्त, खाली खाचा पाडून कौलांचा भास आणलेली. दुसरी दुपदरी: जाड, जड, आणि किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल अशी.

"मॅडम, एकपदरीही वाऱ्याला चांगली टिकते."

"कुठल्या वाऱ्याला? पुण्याच्या का पन्हाळ्याच्या?"

आत्तीनं दोन फळ्या मागवल्या, दोन्ही जाती ठोकून घेतल्या आणि महिनाभर उन्हात तापत ठेवल्या, कारण उन्हानं पट्ट्या एकमेकींना चिकटतात असं तो म्हणाला होता. मग एका वादळी दुपारी मला म्हणाली, "गाडी काढ."

मी बुलेटवर पुढं, आत्ती मागं, तिच्या दोन्ही काखांत एकेक फळी, विमानाच्या पंखांसारखी. पन्हाळ्याच्या उतारावर वारा असा लागला की गाडीची चाकं थोडा वेळ रस्त्याला टेकतच नव्हती. वाटेवरच्या टपरीतून एकजण ओरडला, "ओ पावणं, घर घिऊन कुठं निगालाय?"

"बघून घ्यायला!" आत्ती ओरडली.

पायथ्याला पोचेपर्यंत एकपदरीच्या खाचांमधल्या पट्ट्या फडफडून निम्म्या फाटल्या होत्या. एक तुकडा उसातून उडत बहुधा ज्योतिबाच्या दर्शनाला गेला. दुपदरी जशीच्या तशी. आत्तीनं तिच्यावरून हात फिरवला, पेशंटच्या कपाळावरून फिरवावा तसा. "ही."

घर झालं. गृहप्रवेशाला विहारातल्या भंतेजींनी परित्राण पाठ केला, गल्ली जेवली. आबा आले नाहीत.

पुढं काही वर्षांनी कृष्णा कोपली. शिरोळात आमच्या घरात पाणी शिरलं. आबा शेंडीवाल्या स्लॅबवर दोन दिवस बसून होते. तिथून नावेनं सुटले, म्हैस नावेमागं पोहत, आणि डोक्यावर गादी, हातात म्हशीचा कासरा अशा थाटात आत्तीच्या दारात उभे राहिले. पावसात भिजत, पण उंबऱ्याबाहेर.

आत्तीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पाणी पिणार न्हाईस म्हणला हुतास. चहा टाकू?"

आबांनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं दारातून आत तोंड घातलं.

"चहा चालंल," आबा म्हणाले आणि आत आले.

पाणी ओसरेपर्यंत आबा उताणे पडून छताकडं बघत होते, कुठं एक थेंब सापडतोय का म्हणून. सापडला नाही. जाताना दारात एवढंच म्हणाले, "झोप लागती गं हितं. वर कोण न्हाय."

आत्ती झोपेतच गेली. घर तिनं माझ्या नावावर केलं होतं. मी तिथं बिऱ्हाड हलवलं, मागोमाग आबाही राहायला आले, आणि वर्षाच्या आत एक बिल्डर आला, गळ्यात चेन, हातात नकाशाची गुंडाळी. आबा व्हरांड्यात बसले होते.

"काका, हे उतरतं छप्पर काढून टाकू. वर तीन मजले चढवू."

"कुणाच्या वर?"

"घराच्या वर, काका."

"आणि घर कुणाचं?"

मी "माझं" म्हणायला तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ते मुकाट मिटलं.

"आक्काचं," आबा म्हणाले.

मग त्यांनी बिल्डरला चहा पाजला. पाणी मात्र विचारलं नाही.