झाडांच्या नावाची माणसं

"चिंच मॅडम, बसा लौकर! तिकडं लिंब ताटकळलंय!"

भर रस्त्यात अशी हाक मारणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज सकाळी ऐकत होते. सोलापूर-विजापूर रस्त्यावर सीनेकाठच्या वडकबाळहून भीमेकाठच्या टाकळीला आमच्या ड्रायव्हरमामांची जीप जायची. मी टाकळीच्या शाळेत पहिलीला शिकवते. पुलापलीकडच्या चिंचेखाली उभी राहायचे, म्हणून मी चिंच मॅडम. बँकेतले कारकून लिंबाचे साहेब, दवाखान्यातल्या सिस्टर वडाच्या. मामांनी आमची नावं कधी विचारली नाहीत. झाड कळलं की माणूस कळला, असा त्यांचा खाक्या.

एका ग्रामसेवकांच्या वाट्याला बाभळ आली होती. 'बाभळीचे साहेब' ही हाक त्यांना फार टोचायची. एक दिवस ते मुद्दाम पुढं चालत जाऊन आंब्याखाली उभे राहिले. मामांनी बाभळीपाशी जीप थांबवून पाच मिनिटं हॉर्न वाजवला आणि मग आंब्यावरून जीप तशीच पुढं काढली. साहेब हात हलवतायत, आम्ही ओरडतोय. मामांची नजर समोर रस्त्यावर.

"आंब्याला आपलं कुनी बसत न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब निमूटपणे बाभळीखाली.

रस्ता मोठा देखणा. दोन्ही बाजूंना सूर्यफूल, डाळिंबाच्या बागा, मंद्रूप सोडलं की काळ्या रानात नजर पोचेल तिथवर ज्वारी. आम्ही मात्र मोबाइलमध्ये मान घालून बसलेलो. मामांना ते खपायचं नाही.

"मान वर करा की! मोबाइल घरी बी दिसतोय. ही ज्वारी दिसंल का घरी?"

"मामा, शाळा भरेल, जरा जोरात घ्या."

"भीमा कुटं पळून चाललीय व्हय?"

मग रस्ता रुंद करायला घेतला. एका सकाळी झाडांवर पांढऱ्या रंगात आकडे आले. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी बसताच त्यांनी विचारलं, "मॅडम, चिंचंवर काय लिवलंय?"

"नंबर आहे."

"कशाचा?"

मला ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना. "मोजणी चालली असेल," मी म्हणाले.

"मग बरं हाय की! मोजलं म्हंजी आता कुनी हात लावनार न्हाय."

मी मोबाइलमध्ये मान घातली. वर्गात थापा मारणाऱ्या पोरांना कोपऱ्यात उभं करणारी मी!

पंधरा दिवसांत सगळी झाडं गेली. झाडं गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी उन्हात हात हलवत उभी, आणि जीप माझ्यासमोरून सुसाट पुढं. वळून आली, पुन्हा पुढं गेली. तिसऱ्या खेपेला थांबली. मामा काचेतून मला न्याहाळत होते.

"तुमीच व्हय?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले, याची आता लाज वाटते. मामा आमची तोंडं कधी बघतच नव्हते, झाडं बघत होते. पुढं रोजच कुणी ना कुणी मागं राहायला लागलं. सिस्टर दोनदा कामावर उशिरा पोचल्या. कारकुनांनी गाडी घेतली होती, एकेक जण तिकडं जाऊन बसू लागला. जीप रिकामी होत चालली.

"मामा, आता आमची नावं पाठ करा," मी एकदा चेष्टेत म्हटलं. "माणसांना नावं असतात."

मामा लाजले. मग हळूच म्हणाले, "सांगा की तुमचं."

मी सांगितलं. पहिलीतल्या पोरासारखं ते टाकळीपर्यंत पुटपुटत राहिले. दुसऱ्या दिवशी पुलापलीकडे जीप बरोबर थांबली. मामांनी माझं नाव घेतलं, आडनावासकट, एक अक्षर न चुकता. त्यांना शाबासकी द्यावीशी वाटली आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवशी जीपमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

महिन्याभरात मामांनी जीप विकली आणि ते भीमेपलीकडं, कन्नड मुलखातल्या आपल्या गावी गेले. हे मला टाकळीच्या चहावाल्याकडून कळलं. आता मीही कारकुनांच्या गाडीतून जाते. शाळेत वेळेआधी पोचते.

परवा राहवेना, म्हणून फोन लावला. माझ्या मोबाइलमध्ये तो नंबर 'जीप' म्हणून आहे. पलीकडून बाईचा आवाज आला.

"यार बेकु?"

कोण पाहिजे, एवढं कन्नड मला कळतं. मी म्हटलं, "मामा आहेत का?"

"याव मामा?"

कुठले मामा? घरात तीन-चार मामा असतील. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले होते. बाई थांबली होती, आणि मला नाव सांगता येईना.